चांदीचं मीठ विरघळत नाही

मूलद्रव्यांच्या तक्त्यात लिथियमपासून सीझियमपर्यंत एकेक घर खाली उतरत गेलं, की दुसऱ्याला ओढून वाकवायची ताकद वाढत जाते, असं मी जालन्यातल्या एका मंगल कार्यालयात, माइकवर, भरल्या पालक मेळाव्यात सांगितलं.

ती कमी होत जाते.

हे मला माहीत नाही असं नाही. वीसेक वर्षं मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतोय. पोटापाण्यासाठी मला दुसरं काही येत नाही आणि घरचे म्हणतात की हेही बेताचंच येतं. झोपेतून उठवून विचारलं तरी मी बरोबर सांगेन. पण झोपेतून उठवून कुणी हातात माइक देत नाही. इथे माइक हातात आला, समोर लग्नाला यावीत तशी नटून आलेली माणसं दिसली, आणि तोंडातून ‘वाढते’ निघून गेलं. पहिल्या रांगेतली पोरं एका सुरात ओरडली, “कमी, सर, कमी!”

मेळावा माझ्या मुलीच्या कोचिंग क्लासचा होता. क्लासचे सर माझ्यापेक्षा कितीतरी लहान. चणीनं छोटे, अंगात जाकीट, गालाला चिकटलेला माइक. नवरदेवाचा करवला असतो ना, सगळीकडे एकाच वेळी दिसणारा, तसे. ते माझ्याजवळ आले, आणि लहान पोराच्या हातातून काचेचा ग्लास काढून घ्यावा तसा त्यांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला.

“सर, वाढते की कमी होते? एकदा नक्की ठरवून घ्या. पोरांची परीक्षा जवळ आली.”

टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला बसलेली माझी बायको वर बघून पंख्याची पाती मोजायला लागली. आणि हॉलच्या मागे, जेवणाच्या टेबलांजवळ, जिथे बी बॅचच्या खुर्च्या मांडल्या होत्या, तिथे बसलेल्या माझ्या मुलीनं मान खाली घातली. मी वर गेलो होतो ते तिची बाजू मांडायला.

माझी फजिती नीट कळायची तर थोडी केमिस्ट्री सोसावी लागेल. आमच्याकडे एवढी माणसं सोसतात, तुम्हीही सोसा.

अणूभोवती इलेक्ट्रॉनांचा ढग असतो. ढग म्हणण्यापेक्षा कणकेचा गोळा म्हणू, म्हणजे घरातलं वाटेल. काही गोळे लहान आणि घट्ट. फ्लोराइड असा आहे; बोट दाबून बघा, सुपारीसारखा टणक. त्याच्याखाली क्लोराइड, मग ब्रोमाइड, मग आयोडाइड. खाली जावं तसा गोळा मोठा आणि सैल होत जातो. आयोडाइड म्हणजे पाणी जास्त झालेली कणीक. कुणी नुसतं जवळ येऊन उभं राहिलं तरी त्या बाजूला कलते. हा झाला वाकण्याचा गुण, आणि हा गुण खाली जाताना वाढतो. आता वाकवणारं बोट, म्हणजे समोरचा धन भाराचा अणू, धन आयन. बोट जितकं बारीक आणि त्याच्यात विद्युतभार जितका जास्त, तितकं ते खोल रुतणार. लिथियम बारीक, म्हणून त्याचा धाक मोठा. सीझियम ढब्बू, त्याला कोण विचारतो? आणि आडव्या ओळीत बघाल तर सोडियमपेक्षा मॅग्नेशियम जबर, मॅग्नेशियमपेक्षा ॲल्युमिनियम. कारण अंग आटत जातं आणि भार चढत जातो. म्हणजे वाकवण्याचा गुण खाली जाताना कमी होतो. एक वाढतो, एक कमी होतो. दोन्ही गोष्टी मी शेजारीशेजारी डोक्यात ठेवल्या होत्या, आणि नेमकी शेजारची उचलली.

खरं तर हा धडा मला पुस्तकातून शिकायची गरजच नव्हती. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. उंचीनं माझ्या खांद्याला लागत नाही, पण तिच्यावरचा भार तीन अधिक आहे, ॲल्युमिनियम समजा. आणि मी आयोडाइड. हे सांगायला मला लाज नाही, आमच्या अख्ख्या खानदानाला ठाऊक आहे. मेव्हणा येऊन बसला की मी त्याच्याकडे कलतो, प्राचार्यांनी हाक मारली की त्यांच्याकडे, आणि रिक्षावाल्यानं ‘बसा सर’ म्हटलं तर जायचं नसलं तरी बसतो. एकदा असाच मी अंबडहून शहागडला जाऊन आलो होतो.

मुलीला या क्लासला घालायचं, हेही मेव्हण्यानंच ठरवलं. बायकोचा धाकटा भाऊ, जालन्यात बियाण्यांची एजन्सी. त्याचं बोलणं असं असतं की समोरच्याला वाटावं, आपण वाण चुकीचा पेरून बसलोय.

“दाजी, तुमी शिकवता ते बराबर हाये. त्याच्यात वाद न्हाई. पन तुमी रँक देत न्हाईत.”

“रँक पोरगी घेईल की,” मी म्हणालो.

“घरच्या कोंबडीला घरचाच कोंबडा शिकवतो का? मी सरांशी बोलून आल्तो. उद्या फीस भरा.”

मी कललो. केमिस्ट्रीच्या मास्तराची मुलगी केमिस्ट्री शिकायला चाळीसेक किलोमीटर दूर. हलवायानं पोराला पेढा खायला दुसऱ्या गावी पाठवावं, त्यातला प्रकार.

पण मी एकटाच मूर्ख आहे असा समज नको. आमचं ज्युनियर कॉलेज वडीगोद्रीच्या बाजूला, हायवेवर. कागदावर वर्ग भरलेला आहे. प्रत्यक्षात पोरं नावाला आमच्याकडे आणि जिवाला जालन्यात. त्याला ‘टायअप’ म्हणतात. आमचं कॉलेज हजेरी देतं, क्लास मार्क देतो, आणि पालक दोघांनाही नमस्कार करतात. माझ्या वर्गात नियमित येणारी म्हणजे खिडकीतली पारव्याची जोडी. तीही तास संपायच्या आधी उठून जाते. हायवेच्या फाट्यावर क्लासचा बॅनर आहे: हाताची घडी घातलेली पोरं, प्रत्येकाच्या डोक्यामागे सूर्य उगवलेला, मधे सर. देवाच्या फोटोत देव मोठा आणि भक्त छोटे असतात, त्याच मापानं.

सरांची शिकवण्याची रीत म्हणजे ट्रिक. कारण विचारायचं नाही, ट्रिक म्हणायची. या धड्याची ट्रिक होती ‘लहान तो महान’. धन आयन जितका लहान, तितका तो वाकवणार, तितका बंध सहसंयुज. म्हणजे दोघांनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेला, कोव्हॅलंट. सर माइकवर ‘लहान तो’ म्हणत आणि हॉलभर पोरं ‘महान’ म्हणत. आरतीला टाळ असतात, इथे तेवढे नव्हते. ट्रिक खोटी नाही. लिथियम-सोडियमला चालते, मॅग्नेशियमला चालते. पण चांदीशी येऊन आपटते.

चांदीचा आयन अंगानं सोडियमपेक्षा मोठा. ‘लहान तो महान’ म्हणाल तर सोडियम जिंकला पाहिजे. पण सोडियमच्या अंगावर बाहेरून आठ इलेक्ट्रॉनांचा घट्ट पडदा आहे, आतल्या केंद्राची ओढ त्यात अडते. चांदीच्या अंगावरचा पडदा अठरांचा. ऐकायला जाड, पण वीण विरळ. मच्छरदाणीतून उजेड यावा तशी ओढ बाहेर झिरपते. म्हणून चांदी मोठी असूनही क्लोराइडला असं काही धरते, की पाण्याच्यानं ती जोडी सुटत नाही. जेवणातलं मीठ पाण्यात विरघळतं. चांदीचं मीठ विरघळत नाही. तळाशी दह्यासारखं बसून राहतं.

क्लासच्या परीक्षेत नेमका प्रश्न आला: सोडियम क्लोराइड आणि सिल्व्हर क्लोराइड, यांत जास्त सहसंयुज कोणतं? माझ्या मुलीनं सिल्व्हर लिहिलं. क्लासच्या उत्तरसूचीत सोडियम होतं. तिचे गुण गेले, वर निगेटिव्हचा दंड. ती हॉलमध्ये उभी राहिली आणि म्हणाली की उत्तर चुकलंय. इथवर ठीक होतं. सर हसून म्हणाले, “तुझे पप्पा कॉलेजला शिकवतात ना? किती पोरं येतात त्यांच्या तासाला?”

पोरं हसली. मुलीनं खाली बसायला हवं होतं. पण तिच्यात आयोडाइड माझ्याकडून आलं नाही, ॲल्युमिनियम आईकडून आलं. ती म्हणाली, “पोरं न्हाई येत सर. पन तिथं टेस्ट ट्यूब तरी हायेत.”

झालं. तिला बी बॅचला पाठवलं. भरल्या बॅचसमोर माइकवर ‘सॉरी सर, माझं चुकलं’ म्हणायचं, तोवर तिथेच बसायचं, असा हुकूम निघाला. बी बॅच म्हणजे वरच्या मजल्यावर पत्र्याखालचा हॉल, जिथे सर स्वतः येत नाहीत, त्यांचा व्हिडिओ येतो. पत्र्याचं तिला काही नव्हतं. बरोबर उत्तराबद्दल माफी मागायची की नाही, एवढंच तिला कळत नव्हतं. ते तिनं मला विचारलं, आणि मी म्हणालो होतो, “मी बोलतो ना मेळाव्यात.”

तर बोललो.

आम्ही गाडीनं परत निघालो. अंकुशनगरच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. दोन-दोन जोडलेल्या, त्यांच्यावर कर्ण्यातली गाणी. एका ट्रॉलीच्या मागे आम्ही बराच वेळ रखडलो. बायकोला बोलायला तेवढा वेळ पुरला.

“तुम्ही वर गेलतात कशाला? पोरीची बाजू मांडायला का सरांची?”

“जीभ घसरली.”

“जीभ न्हाई घसरली. तो जवळ येऊन उभा राह्यला आन् तुम्ही पातळ झालात. मला खालून दिसून राह्यलं व्हतं.”

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, “पप्पा, माझं उत्तर बराबर हाये ना?”

“बिलकुल बरोबर आहे.”

“मंग मी सॉरी म्हनू का न्हाई?”

आता या प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत. मी तिसरं दिलं. “बघू,” म्हणालो.

“तुमी नेहमी बघूच म्हनता,” ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं केमिस्ट्रीचं पुस्तक उघडणं बंद केलं. फिजिक्स करायची, बायो करायची. केमिस्ट्री टेबलाखाली, चार्जरच्या वायरींमध्ये. मी दोनदा उचलून वर ठेवलं. दोनदा ते परत खाली गेलं.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलचा दिवस होता. ‘दिवस’ हा शब्द मी विचार करून वापरलाय. अकरावी-बारावीची मिळून सगळी प्रॅक्टिकल्स आमच्याकडे एका दिवसात होतात. सकाळी क्लासच्या बसमधून पोरं येतात, त्यांच्यासोबत सर येतात, सरांसोबत सगळ्यांसाठी पुलाव येतो. टायट्रेशनची रीडिंग्ज फळ्यावर आधीच लिहिलेली असतात. ब्युरेटला अजून पाणी लागलेलं नसतं. पोरं उतरवून घेतात, जर्नलवर सह्या होतात, पुलाव होतो. विज्ञानाची अशी पंगत महाराष्ट्रात दुसरीकडे बसत असेल तर माहीत नाही. फळ्यावरचं अक्षर माझंच असतं. माझ्या अक्षराचं सगळे कौतुक करतात.

मुलगीही फाट्यावर त्याच बसमध्ये चढून आली. तिची आई विहारात पौर्णिमेच्या तयारीला जाताना मला एवढंच म्हणाली होती, “आज तरी पातळ होऊ नका.”

सर प्रयोगशाळेत शिरले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, “सर, सॉल्ट ओळखायचं प्रॅक्टिकल कशाला करता? वेळ जातो. रीडिंग देऊन टाका, क्लोराइड-बिलोराइड लिहून घेतील पोरं. तीन वाजता जालन्यात आमची टेस्ट आहे.”

ते अगदी जवळ उभे होते. अत्तराचा वास येत होता. मला आतून कलंडायला झालं. ‘बरं’ हा शब्द जिभेवर आला होता, ओला, तयार. तेवढ्यात खिडकीजवळच्या टेबलाशी उभ्या असलेल्या मुलीकडे नजर गेली. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती ब्युरेटच्या नळीतून पारव्यांकडे बघत होती. मी ‘बरं’ म्हणणार हे तिनं धरूनच चाललं होतं. बघितलं असतं तर मी कदाचित सुटलो असतो. तिनं न बघणं मला लागलं.

“एकच करू सर,” मी म्हणालो. “दहा मिनिटं.”

मी कपाट उघडलं आणि सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली काढली. ही बाटली आम्ही कुलपात ठेवतो, आणि वर्षातून एकदा ती अजून आहे का हे बघायला कुलूप उघडतो. मोठ्या बाटलीतून लहान बाटलीत ओतताना माझा हात एवढा थरथरला, की चारदोन थेंब बोटांवर ओघळले. बाटली मी मुलीच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि मागे सरकलो. माझ्या भाषणाचा अनुभव ताजा होता.

तिनं तीन नळ्या घेतल्या. एकीत जेवणातल्या मिठाचं पाणी, दुसरीत पोटॅशियम ब्रोमाइड, तिसरीत पोटॅशियम आयोडाइड. तिन्ही पाणी नितळ. मग प्रत्येकीत बाटलीतले थेंब सोडले, जरा सढळच. पहिली नळी पांढरी झाली, दुसरी फिक्कट पिवळसर, तिसरी चांगली हळदीसारखी. खाली जावं तसा गोळा सैल, चांदीची पकड खोल, आणि रंग गडद. अख्खा धडा एका स्टँडवर उभा होता. इतक्या वर्षांत मी फळ्यावर एवढे बाण काढले, ते सगळे त्या तीन नळ्यांपुढे मला चिलटांसारखे वाटले.

निळ्या टी-शर्टातली ए बॅच गोळा झाली. ही पोरं आजवर चांदीला फक्त पर्याय ‘ब’ म्हणून ओळखत होती.

“आयला, दही लागलं!” एक उंच पोरगं म्हणालं.

“हलवून बघ,” माझी मुलगी म्हणाली.

त्यानं हलवलं. “विरघळतच न्हाई की हे.”

“आन् साधं मीठ?”

“ते तर विरघळतंच ना. त्याचंच तर पानी हाये हे.” त्या पोरानं नळी पुन्हा उजेडात धरली. त्याच्या डोळ्यांत काहीतरी फिरताना दिसलं. “मंग सर, त्या टेस्टमधलं...”

सर पुढे आले. “कॉन्सन्ट्रेशन जास्त झालंय. जोरात हलवा, जोरात. इकडे द्या.” त्यांनी पांढरी नळी हातात घेतली, तोंडावर अंगठा दाबला, आणि नळी उलटीसुलटी करून हलवायला लागले.

नळीच्या तोंडाला अंगठा लावून हलवायचं नसतं. प्रयोगशाळेत पाय ठेवणाऱ्या पोराला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. आणि सिल्व्हर नायट्रेट असेल तर मुळीच नाही. कातडीला लागलं की आधी काही दिसत नाही, मग उजेडात ते काळं पडतं आणि कातडी बदलेपर्यंत जात नाही. मतदानाच्या वेळी बोटाला शाई लावतात ना, तिच्यात हेच असतं. माझं तोंड उघडलं. “सर, तो अंग...”

“एक मिनिट, सर,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी एक मिनिट थांबलो. मी आज्ञाधारक माणूस आहे.

मिनिटभर हलवून दह्याचं ताक झालं, ताकाचं पुन्हा दही झालं. विरघळलं काही नाही. सरांनी ती नळी स्टँडवर ठेवली, आणि माझ्या मुलीनं तिच्या शेजारी आणखी एक नळी ठेवली: एकीत खाली बसलेला पांढरा साका, दुसरीत नुसत्या मिठाचं नितळ पाणी. तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, “सर, जास्त कोव्हॅलंट कोन?”

“हे एक्सेप्शन आहे,” सर म्हणाले. “एक्सेप्शन परीक्षेत विचारत नाहीत.”

“तुमीच तर विचारलं व्हतं, सर.”

ए बॅच हसली. कुणीतरी मागून हळूच ‘लहान तो’ म्हणालं, आणि ‘महान’ कुणीच म्हणालं नाही. सरांनी पँटीला अंगठा पुसला आणि घड्याळ बघितलं. “चला, चला, पुलाव थंड होतोय.”

संध्याकाळी क्लासच्या ग्रुपवर निरोप आला: तो प्रश्न रद्द करण्यात येत आहे, सर्व विद्यार्थ्यांना बोनस गुण देण्यात येत आहेत. खाली हात जोडलेली चित्रं, फुलं, आणि पालकांच्या ‘धन्यवाद सर’ची रांग. मेव्हण्यानं तर तीन अंगठे पाठवले होते.

मुलीनं ते दोनदा वाचलं. “म्हंजी ज्यांचं चुकलं, त्यान्ला बी?”

“सगळ्यांना.”

“आन् माझं बराबर हाये, असं कुठं लिव्हलंय?”

कुठेच लिहिलेलं नव्हतं. विद्वत्तेचा हा नवा प्रकार मला मान्य केला पाहिजे: उत्तर चुकलं तर प्रश्नच नाही असं म्हणायचं, आणि चुकणाऱ्याला प्रसाद वाटायचा. आमच्या काळी एवढी सोय नव्हती, नाहीतर मीही डॉक्टर झालो असतो.

तेवढ्यात सरांचा फोन आला. आवाजात साखर. “सर, ताईला उद्यापासून ए बॅचला पाठवा. हुशार मुलगी आहे. फक्त सगळ्यांसमोर एकदा सॉरी म्हणू द्या. फॉर्मॅलिटी. शिस्तीचा प्रश्न असतो, तुम्ही तर शिक्षक आहात.”

फोनवरसुद्धा ते जवळ उभे आहेत असं वाटत होतं. मी म्हणालो, “बघ...” स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला. मुलगी दारात उभी होती. या वेळी ती माझ्याकडे बघत होती.

“नाही,” मी म्हणालो. आवाज असा फाटला, की मलाच वाटलं दुसरं कुणी बोललं. “ती सॉरी म्हणणार नाही. उत्तर बरोबर आहे तिचं.”

पलीकडची साखर विरघळली. मग, “मग सर, बी बॅच.”

“नाही. बी पण नाही. ती माझ्या वर्गात बसेल.” आणि मग मला एक झकास वाक्य सुचलं, जन्मात एखादंच सुचतं तसं. “सर, तुमच्या ट्रिकेत बसत नाही म्हणून चांदी काही स्वतःला सोडियम म्हणवून घेत नसते!” बोलून झाल्यावर बघितलं. फोन केव्हाच कट झाला होता.

“मस्त व्हतं पप्पा,” मुलगी म्हणाली. “मी ऐकलं ना.”

सोमवारी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर एक विद्यार्थिनी होती आणि खिडकीत पारवे. हजेरी घेताना माझा आवाज उगाचच मोठा झाला. मी फळ्यावर पहिला गट उतरत्या क्रमानं लिहिला, शेजारी बाण काढला आणि वळून बघितलं. ती पेनाचं टोपण चावत होती.

“पप्पा... सर. बाण उलटा झालाय.”

मी पुसला. पारवे उठून गेले.

घरी आलो तर मेव्हण्याचा फोन, स्पीकरवर. “दाजी, हे काय करून ठिवलं तुमी? पोरगी काढून घेतली, ते जाऊ द्या. सरांच्या अंगठ्याला काय केलं? पार कोळशासारका काळा झालाय. आज हातात खडू धरला तर समद्या पोरांचं ध्यान तिथंच. म्हनून राह्यलेत, सरांनी अंगठ्यानं मतदान केलं!”

मी हसू दाबत म्हणालो की मी सांगणार होतो, पण एक मिनिट थांबायला सांगितलं होतं. फोन ठेवला आणि टाळी द्यायला म्हणून बायकोपुढे हात केला. तिनं टाळी दिली नाही. हात उलटा करून माझी बोटं बघितली. तीन बोटं काळीठिक्कर होती, नखांच्या कडेपर्यंत.

“त्याचा अंगठा हलवून काळा झाला, तुमची बोटं थरथरून काळी झाली,” ती म्हणाली. “आन् ज्या पोरीनं सगळं केलं, तिच्या हाताला एक डाग न्हाई. आता ताटावर बसायच्या आधी साबण लावा. जात न्हाई ते, म्हाईत हाये मला. तरी लावा.”